कच्चा माणूस

बान नोंग साय, जि. रोई-एत
दि. १२ मे, बुद्धसंवत २५३०

चि. लामाय हिस त्रिरत्नांच्या कृपेने अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वास्तविक तुझ्या भावानं माझं डोकं उठवलं आहे.

वितूनची दीक्षा करायची हे तुझी आई गेली तेव्हाच ठरलं होतं. मुलानं निदान एक पावसाळा भिक्षू होऊन चीवर घातलं की त्या चीवराचा पदर धरून आई स्वर्गाला जाते, हे तुला मी सांगायला नको. गेल्या वर्षी त्याचं वय भरत नव्हतं म्हणून गप्प बसलो. यंदा वीस पुरी झाली. थोरल्या भन्तेंना विचारून वर्षावासाआधीचा दिवस धरला, तुझ्या काकानं डुक्कर राखून ठेवलं, गाण्याच्या ताफ्याला सुपारी दिली. आणि चिरंजीव म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. का, म्हणून विचारलं तर जमिनीकडे बघतो. जमिनीवर काय उत्तर लिहिलंय कोण जाणे. तुझी आई बिचारी दोन वर्षं पदराची वाट बघत उभी आहे.

परवा बाजारात मालीवानच्या आईनं मला गाठलं. म्हणाली, मास्तर, तुमचा मुलगा गुणी आहे, आमच्या पोरीचं मनही त्याच्यावर आहे, पण दीक्षा न घेतलेला माणूस कच्चा, आणि कच्च्या माणसाला आम्ही मुलगी देत नाही. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावलं, आणि माझ्या घरी दिव्याखाली अंधार.

आळसाचं तर विचारूच नकोस. रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून आला की पडून राहतो. डोकं दुखतं म्हणे. वेताच्या चेंडूच्या खेळात पूर्वी तालुक्यात याच्या लाथेची दहशत होती. आता बाजूनं आलेला चेंडू याला दिसत नाही, म्हणून संघातून काढला. लक्ष नाही, दुसरं काय! तुझं ऐकतो तो. जरा कान उपट त्याचे.

शहरातल्या गाड्यांपासून जपून राहा. उत्तर धाडून म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

तुझा बाबा,
खाम्पन


थोनबुरी, बँकॉक
दि. २६ मे २५३०

चि. वितून यास ताईचे भरघोस आशीर्वाद. फुकट आहेत, घेऊन टाक.

बाबांचं पत्र आलं. त्यात तुझा उल्लेख ‘चिरंजीव’ असा आहे, तेव्हाच ओळखलं की तू तिकडे चांगलेच दिवे लावले आहेस.

अरे, एका पावसाळ्याचा तर प्रश्न आहे. मुंडनाला घाबरतोस का? तुझं डोकं गोल आहे, लहानपणी मीच तेल लावून वळवलंय, लाज वाटायचं कारण नाही. की मालीवान पावसाळाभर लांबूनच दिसेल म्हणून जिवावर आलंय? तिला सांग, चीवरातला माणूस बायकांना जास्तच देखणा दिसतो, असं आमची पिम म्हणते.

पिम म्हणजे मी काम करते त्या पार्लरची मालकीण. मागच्या सणाला मी तिचा फोटो पाठवला होता आणि तू विचारलं होतंस की ही सिनेमात असते का. ती जन्मानं मुलगा होती रे. आता गोळ्या घेऊन, साजशृंगार करून पायाच्या नखापर्यंत बाई आहे, आणि आम्हां सगळ्यांना धाकात ठेवते. तुझी चौकशी नेहमी करते.

थट्टा पुरे. खरं कारण काय ते मला लिही. बाबांना नाही सांगणार, कुणालाच नाही सांगणार, आईची शपथ.

लोभ आहेच, तो पत्र लिहून वाढव.

तुझी,
लामायताई


बान नोंग साय
दि. ९ जून २५३०

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू आईची शपथ घेतलीस म्हणून लिहितो. वाचून झालं की फाडून टाक.

ताई, दोन पावसाळ्यांपासून माझी छाती वाढते आहे. लठ्ठपणा नव्हे, हात तर काटक्यांसारखे झालेत. दोन्हीकडे वाढते, मुली वयात येताना वाढते तशी. हात लागला तरी दुखते. थोडी दाढी येत होती तीही थांबली, वस्तरा गंजून गेला. पोरांबरोबर तळ्यावर जाणं मी सोडलंय. न्हाणीचं दार लावून अंघोळ करतो, आणि बाबा बाहेरून ओरडतात की रांजण रिकामा करशील.

आता दीक्षेचं बघ. आदल्या दिवशी सगळं गाव जमून मला अंघोळ घालणार. दुसऱ्या दिवशी खांद्यावर बसवून विहाराला तीन फेऱ्या. मग चीवर, त्यात उजवा खांदा उघडा. आणि मग भन्ते सगळ्यांसमोर पालीत विचारणार, तू पुरुष आहेस का? त्यावर ‘आम भन्ते’ म्हणायचं, म्हणजे होय महाराज. मी काय म्हणू, ताई? भिक्षुसंघासमोर खोटं बोलून मिळवलेलं पुण्य आईला कसं पोचेल?

बाबांना वाटतं मी आळशी आहे. मलाही कधीकधी तसंच वाटतं. दुपारनंतर डोकं असं ठणकतं की डोळे उघडवत नाहीत. परवा सायकल थेट मालीवानच्या मामाच्या म्हशीवर घातली. बाजूनं आलेली म्हैस दिसली नाही मला. म्हैस, ताई! मामा म्हणाला, जावईबापू आत्तापासूनच हवेत आहेत. सगळे हसले, मीही हसलो.

मालीवाननं सणाला माझ्या मनगटावर दोरा बांधलाय. ती समोर आली की मन भरून येतं, पण अंग थंड राहतं, वात खाली केलेल्या कंदिलासारखं. हे मी तुला कसं लिहितोय मलाच कळत नाही. तू शहरात राहतेस, चार गोष्टी तुझ्या कानांवर येत असतील. मला काय झालंय ते सांग.

तुझ्या लोभाचा धनी,
वितून


थोनबुरी
दि. २० जून २५३०

माझ्या बाळा वितून, पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून खूप रडले, मग फाडलं. एकट्यानं केवढं ओझं वाहिलंस रे! पिमला विचारावं असं शंभरदा मनात आलं, पण शपथ आडवी आली. शेवटी स्वतःच विचार केला.

मला वाटतं मला कळलंय. पिम एकदा म्हणाली होती की आपण वेगळ्या आहोत हे कधी मनाला आधी कळतं, कधी शरीराला. मी रोज तिच्याजवळ वावरते, तिच्या मैत्रिणी बघते. वितून, तू त्यांच्यासारखा असशील, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मागच्या जन्मीचं काही असेल, नसेल. मला तू जसा आहेस तसा हवास. बाबांना आज ना उद्या मी सांगेन, तू घाबरू नकोस. अंगात बळजबरीनं मर्दपणा आणायला जाऊ नकोस आणि कुठल्या वैदूच्या औषधी दारूच्या बाटल्याही पिऊ नकोस.

एकच मागते. मालीवानला फसवू नकोस. तिचं लग्नाचं वय आहे, तिला मोकळी कर. आपल्या सोयीसाठी तिला बांधून ठेवलंस तर ते पाप मोठं.

डोक्याचं म्हणशील तर मनात कोंडलेलं डोक्यात चढतं, पिमलाही पूर्वी तसंच व्हायचं. आणि म्हैस दिसत नसेल तर चष्मा लागला असेल, तालुक्याला जाऊन करून घे. रेडिओच्या बारीक तारा बघून बघून डोळे जातात.

तुझ्यावरचा लोभ रतीभर कमी झालेला नाही, तूही करू नकोस.

तुझी ताई


बान नोंग साय
दि. ११ जुलै २५३०

ती. ताईस सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. मालीवानला तळ्याच्या बांधावर भेटून सांगितलं की आपलं लग्न होणार नाही. तिनं विचारलं, माझ्यात काही खोट आहे का. नाही म्हटलं. दुसरी कुणी आहे का. त्यालाही नाही म्हटलं. मग म्हणाली की तू मूर्ख आहेस, आणि मनगटावरचा दोरा स्वतःच्या दातांनी तोडून घेऊन गेली.

बाबांनाही दीक्षेचं नाही म्हणून सांगितलं. डुक्कर काकानं विकलं.

तू म्हणतेस ते खरं असेल, ताई. तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, कुणीतरी रागावलं नाही म्हणून. पण मी आरशासमोर बसून स्वतःला विचारलं की मला पिमसारखं व्हावंसं वाटतं का. नाही वाटत. मला फक्त पूर्वीचा वितून परत हवा आहे. कदाचित असंच सुरुवातीला सगळ्यांना वाटत असेल.

चष्मा केला. समोरचं आधीही दिसत होतं, अजूनही दिसतं.

लोभ राहू दे.
वितून


बान नोंग साय
दि. ८ एप्रिल २५३१

चि. लामाय हिस आशीर्वाद.

हे पत्र वितूनच्या हातीच देत आहे. त्याच्या डोळ्यांदेखत वाचू नकोस.

काल सैन्यभरती झाली. एकवीस पुरी झालेल्या पोरांच्या आया काळी चिठ्ठी निघावी म्हणून नवस करतात, म्हणजे सुटका. मी मात्र लाल चिठ्ठीचा नवस केला होता. म्हटलं, दोन वर्षं बराकीत काढली की आळस झडेल, माणूस होऊन येईल. गोष्ट चिठ्ठीपर्यंत गेलीच नाही.

भरती आपल्या शाळेच्या पटांगणात होती. जिथे मी इतकी वर्षं घंटा दिली, तिथे. पोरांना सदरे काढून रांगेत उभं केलं. हा काढेना. शिपायानं आवाज चढवला तेव्हा काढला. आधी एकजण हसला, मग रांग हसली, मग कुंपणापलीकडची माणसं. कुणी शिट्टी घातली, कुणी ओरडलं की मास्तरांची धाकटी मुलगी बघा. त्यात माझे विद्यार्थी होते. मी लिंबाखाली उभा होतो, मला पाऊल टाकता आलं नाही.

भरतीच्या डॉक्टरनं त्याला बायकी पोरांच्या वर्गात घातलं आणि सैन्यातून सूट दिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, मास्तर, याला मोठ्या इस्पितळात दाखवा, मला हे वेगळं काही वाटतं. मी बरं म्हणून हात जोडले. आणखी कितीजणांना दाखवू? सगळ्या तालुक्यानं बघितलं, तेवढं पुरे नाही का?

मालीवानचं फेब्रुवारीत भातगिरणीवाल्याच्या मुलाशी लग्न झालं ते तुला कळलं असेल. काल तिची आई म्हणाली म्हणे, पोरगी थोडक्यात वाचली.

सोंगक्रानच्या, नववर्षाच्या सणाला घरी पाहुणे येतील. त्याआधी याला तुझ्याकडे पाठवतो. शहरात असे पुष्कळ असतात म्हणतात, तिथे खपून जाईल. कालपासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. राग नाही, पण काय बोलावं तेच सुचत नाही.

कळावे. लोभ असेल तर असो.
बाबा


थोनबुरी
दि. २० मे २५३१

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

मधे पत्र लिहिलं नाही, कारण नीट कळेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता कळलंय. बसून वाचा.

वितून आला त्या आठवड्यात पिमनं त्याला केस कापायला खुर्चीत बसवलं. मान पुसताना तिनं त्याचा सदरा जरा सैल केला, बघितलं, आणि कात्री टाकून मला आतल्या खोलीत ओढत नेलं. म्हणाली, लामाय, तू आंधळी आहेस का? मी जन्मभर गोळ्या गिळून जे मिळवलं ते या पोराला फुकटात कसं मिळालं? याच्या डोळ्यांत बाईपण कुठे आहे? हा आमच्यातला नाही गं, हा आजारी आहे. काल रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली बस याला दिसली नव्हती, मी कॉलर धरून मागे ओढला. चल, आत्ता चल. भर दुपारी पार्लरला कुलूप लावून तिनं स्वतःच्या गाडीतून आम्हांला इस्पितळात नेलं.

तपासण्या झाल्या, रक्त घेतलं, डोक्याचा आतला फोटो काढला. बाबा, त्याच्या डोक्यात गाठ आहे. घाबरू नका, कर्करोगाची नाही. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंगातल्या हार्मोनांचा कारभार ती चालवते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून एक हार्मोन ती सोडते, ते पुरुषांतही थोडं असतं. वितूनच्या ग्रंथीत गाठ झाली आणि ती तेच हार्मोन भरमसाट ओतत सुटली. ते वाढलं की पुरुषाचं हार्मोन दबून जातं. म्हणून दाढी थांबली, ताकद गेली, छाती वाढली, मन मेलं. तुम्ही ज्याला आळस म्हणत होतात तो हा. आणि गाठ वर सरकून डोळ्यांच्या शिरा दाबते, म्हणून समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं जातं. चेंडू, म्हैस, बस, सगळं त्याच्या बाजूनंच येत होतं ना!

डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. म्हणाल्या, तेरा-चौदाव्या वर्षी पुष्कळ मुलांची छाती थोडी सुजते आणि आपोआप जाते, कुणाची लठ्ठपणानं वाढते, कुणाची औषधांनी. प्रत्येकाच्या डोक्यात गाठ नसते. पण विशी आलेल्या मुलाची दाढी मागे जाते, डोकं दुखतं, नजर अरुंद होते, तेव्हा थांबायचं नसतं. कुणाच्या मनाचा कल कुठे आहे याचा या गाठीशी काही संबंध नाही, हेही त्यांनी बजावलं. मग विचारलं, हे केव्हापासून आहे? वितूननं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढंच म्हणाल्या की मागच्या वर्षी आला असता तर डोळे जास्त वाचले असते.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. इवल्याशा आहेत, पण त्यांनी बहुतेक गाठी आक्रसतात म्हणे. पुढे लेकरंबाळं होतील का, तर आशा आहे, शब्द देत नाहीत.

बाबा, भरतीच्या डॉक्टरचं तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून मी तुमच्यावर चिडले होते. पण मागच्या वर्षीच वितूननं मला सगळं लिहिलं होतं, छातीचं, म्हशीचं, डोक्याचं. आणि मी त्याला लिहिलं की तू पिमसारखा आहेस, मालीवानला सोड, चष्मा कर. किती शहाणी समजत होते मी स्वतःला! तुम्ही निदान रागावलात, रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. मी इतक्या मायेनं चुकले की त्याला माझ्यावर विश्वास ठेवावाच लागला. त्याचं वर्ष मी घालवलं, त्याची मालीवान मी घालवली. हे मनातून जात नाही, जाणारही नाही.

त्याला तुमचं पत्र हवं आहे. तो म्हणत नाही, पण टपालवाला आला की दारात येतो.

तुमच्या लोभाची आशा धरणारी,
लामाय


बान नोंग साय
दि. ५ जून २५३१

चि. वितून यास अनेक उत्तम आशीर्वाद.

लामायचं पत्र पोचलं. वाचून मी सरळ पाटलाकडे गेलो आणि सकाळच्या बातम्या सांगायचा कर्णा मागून घेतला. सगळ्या गावाला ऐकवलं. म्हटलं, माझ्या मुलाच्या डोक्यात गाठ आहे, तो पुरुष आहे आणि आजारी आहे. ज्यानं पटांगणात शिट्टी घातली त्यानं घरात बसून लाज बाळगावी. भरतीचा डॉक्टर मला सांगत होता, मी ऐकलं नाही, हेही सांगितलं.

त्यानंतर माणसं येऊन गेली. काका रडला. मालीवानच्या आईनं पिकलेल्या फणसाचे गरे पाठवले आणि तिला काही कळलं नव्हतं असा निरोप दिला. थोरले भन्ते म्हणाले, आजाऱ्याला संघात घेत नाहीत हे खरं, पण बरा झाला की त्याला कुणी अडवणार नाही, त्याच्या छातीकडे बघायचं कुणाला कारण नाही.

तेव्हा आता लाजण्यासारखं काही उरलं नाही. बरा हो आणि ये. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षावासाला दीक्षा नक्की करू. ताफा मी पुन्हा सांगून ठेवतो. तुझ्या आईचं तेवढं व्हायला हवं.

लोभ आहेच, तो वाढता असावा.
तुझा बाबा,
खाम्पन


थोनबुरी
दि. १९ जून २५३१

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. मला लिहिलेलं आपलं हे पहिलंच पत्र.

कर्ण्याचं इथे आधीच कळलं होतं. आपल्या गावचा नोई पलीकडच्या गल्लीत गवंडीकाम करतो, त्याला त्याच्या आईनं कळवलं. तुम्हांला ते किती जड गेलं असेल हे मला समजतं, मी रागावलो नाही. पण बाबा, आधी पटांगणात सगळ्यांनी माझी छाती बघितली, आता कर्ण्यावर सगळ्यांनी माझं डोकं ऐकलं. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात गाठ लहान होते आहे. हनुवटीवर खुंट आले, तर पिमनं पार्लरमध्ये सगळ्यांना केळ्याची भजी वाटली. डोळ्यांचं थोडं परत आलं, पण सगळं येणार नाही. जे वाचलंय ते आता वाचेल, गेलं ते गेलं. मालीवानला दिवस गेलेत असंही नोईनं सांगितलं. ती सुखी असो, हे मी मनापासून लिहितो. मला एकच वाईट वाटतं. आता तिच्याकडे बघून अंग थंड राहिलं नसतं, पण बघायला ती नाही.

ताई रोज माझ्या ताटात तिच्या वाटणीचा मासा घालते. मी तिला सांगितलंय की तुझं ते पत्र आलं नसतं तर मी तळ्यात उडी घेतली असती. ते खरं आहे. तिला पटत नाही.

दीक्षेचं मला माहीत नाही. आईसाठी घ्यावीशी वाटली तर घेईन. ताफा सांगून ठेवू नका.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गावाला काय सांगितलं ते त्यात आहे, काका रडले ते आहे, भन्ते आहेत, फणसाचे गरे आहेत. मी कसा आहे असं विचारलेलं कुठे सापडलं नाही. म्हटलं चष्म्याच्या कडेला गेलं असेल, म्हणून कागद समोर धरून परत बघितला. तुम्ही शाळेत इतक्या पोरांना प्रश्न विचारलेत, बाबा.

सध्या मी गावी येत नाही. इथे एका दुकानात कामाला लागलोय. रेडिओ समोर ठेवला की मला पुरा दिसतो.

तब्येतीला जपा. माझ्यावर लोभ असावा, गावासमोर नसला तरी चालेल.

आपला,
वितून


बान नोंग साय
दि. २७ जून २५३१

चि. वितून यास आशीर्वाद.

तू कसा आहेस?

गोळ्यांनी मळमळ होते असं लामायनं नंतर कळवलं, ती जेवणाआधी होते की नंतर? तिकडे आपला चिकट भात मिळतो का, की तो शहरी मोकळा भातच गिळतोस? दुपारी डोकं अजून ठणकतं का? ठणकायचं तेव्हा मी तुला शेतावर हाकलायचो, तेव्हा वाटेत काय करायचास, बसायचास का कुठे? छाती अजून दुखते का? न्हाणीचं दार लावायचास आणि मी पाण्यावरून ओरडायचो, तेव्हा आत तू रडत असायचास का?

पटांगणात सदरा काढायच्या आधी तू लिंबाकडे बघितलंस. मला बघत होतास का? मी तिथे होतो, पण बाजूला होतो, म्हणजे तुला दिसलो नसेन. दिसलो नसेन अशी मी इतके दिवस आशा करत होतो. आता वाटतं, दिसायला हवा होतो, आणि तुझ्यापुढे येऊन उभा राहायला हवा होतो.

प्रश्न पुष्कळ आहेत, आणि तुझं उत्तर टपालानं येईपर्यंत मला धीर निघणार नाही. म्हणून रविवारच्या बसनं निघतो आहे. दीक्षेचं काढणार नाही, परत चल म्हणणार नाही. तू सांगशील ते ऐकेन, नाही सांगितलंस तर तुझं काम बघत बसेन. लोभ ठेव असं लिहायचा हक्क मला आहे की नाही ते तिथे आल्यावर तू ठरव.

दुकानात मला एखादं स्टूल दे. शेजारी नको, समोर ठेव, म्हणजे मी तुला दिसेन.

तुझा,
बाबा